पुकारणाऱ्याचा कान

सोमवारी सकाळी साडेदहा वाजता भूपालमामांनी हिरव्या बेदाण्याचा एक लॉट चुकीच्या माणसाला सोडला.

बोरशिंगीच्या मार्केट कमिटीत बेदाण्याचे सौदे पुकारायचं काम मामांकडे होतं. पत्र्याच्या लांब शेडमध्ये बेदाण्याचे बॉक्स उघडून मांडलेले, भोवती खरेदीदारांचं कोंडाळं आणि मधोमध पालथ्या क्रेटवर उभे मामा. खरेदीदार किलोचा भाव बोलायचे, मामा तो वरच्या पट्टीत पुकारायचे, आणि आणखी वर कुणी जात नाही असं दिसलं की उजवा तळहात मांडीवर आपटून लॉट सोडायचे. नियम एकच होता : पुकारणाऱ्याला ऐकू आला तोच भाव. बाकी कुणी काही ऐकलं असेल तर ते वाऱ्यावर गेलं.

मी जिल्ह्याच्या एका दैनिकाचा तालुका बातमीदार. प्रत्येक सौद्याचे भाव मला त्याच दिवशी पाठवावे लागत, म्हणून त्या दिवशीही मी क्रेटच्या शेजारी उभा होतो.

"एकशे पासष्ट," विलास खराडे म्हणाला. तो आमच्या मार्केटातला सगळ्यांत मोठा खरेदीदार. लोक त्याला खराडेशेठ म्हणत.

"एकशे सत्तर," मागून आवाज आला. बाहेरगावचा एक नवा खरेदीदार त्या आठवड्यात पहिल्यांदाच आला होता. आवाज स्वच्छ होता. मी ऐकला. ज्यांचा माल होता त्या शेवंताबाईंनीही ऐकला, कारण त्यांनी पदर सावरून शेजारणीला कोपर मारलं.

"एकशे पासष्ट एक वार," मामा म्हणाले. "दोन वार. तीन वार. खराडेशेठ!" आणि तळहात मांडीवर.

"अवं, सत्तर म्हणालं की ते!" शेवंताबाई ओरडल्या.

मामांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना काय घडलंय ते कळलेलं नव्हतं.

"मामा, कान हायेत का भजी?" खराडे म्हणाला, आणि शेड हसली.

कमिटीचे सचिव जगदाळे ऑफिसातून बाहेर आले. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाले, "पुकारणाऱ्यानं सोडला म्हणजे सोडला. पुढचा लॉट घ्या." बाहेरगावचा खरेदीदार आपल्या टेम्पोकडे गेला. तो पुन्हा आमच्या मार्केटात दिसला नाही.

सौदा संपल्यावर जगदाळेंनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला. "मामा, सीझन तोंडावर आलाय. जमतंय न्हवं? न्हाईतर माइकवालं एखादं पोरगं बघू."

"व्हय, व्हय," मामा म्हणाले. काय विचारलं ते त्यांना ऐकू आलं नव्हतं, पण पोरगं हा शब्द त्यांनी जगदाळेंच्या ओठांवर वाचला असावा. ते माझ्या गाडीवर मागं बसले आणि मी त्यांना घरी सोडलं. तीस-पस्तीस वर्षं तो क्रेट त्यांचा होता. लग्नाच्या पत्रिकेत लोक त्यांचं नाव छापताना पुढे 'सौदेवाले' लिहीत.

मामांचं घर ग्रामीण रुग्णालयाच्या अगदी समोर. ओसरीवर बसलं की दवाखान्याचं फाटक, केसपेपरची खिडकी आणि बाकावरचे पेशंट दिसतात. इतकं जवळ की मामींनी वाळत घातलेल्या पापडांवर पेशंट नजर ठेवून असत.

"कधीपासून ऐकू येत नाही, मामा?" मी ओरडून विचारलं.

"कोण म्हणतंय ऐकू येत न्हाई? त्या बाहेरच्याचं तोंड खाली हुतं."

"मी शेजारी उभा होतो."

"तू पत्रकार. तुला न झालेलं बी ऐकू येतंय."

आतून मामी नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "आवं, दूध उतू चाललंय."

मामा शांतपणे पायांतल्या चपला काढत होते. मामी पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "बघितलंस? आज दूध आलंच न्हाई. चार महिने झालं ही तऱ्हा. समोर दवाखाना हाय. रस्ता ओलांडला की झालं. पर न्हाई!"

"मळ असेल नुसता," मी म्हणालो. "पिचकारीनं पाच मिनिटांत निघेल. चला आत्ताच."

मामांना एवढं बरोबर ऐकू आलं. "तिथं?" त्यांनी हनुवटीनं फाटक दाखवलं. "त्या खिडकीवर काय इचारतात ठाऊक हाय? 'काय होतंय?' आन् ते बी काचेच्या आतनं, माझ्या वरच्या पट्टीत. मी सांगायचं, ऐकू येत न्हाई. तो म्हणणार, मोठ्यानं बोला. बाकावर कोण बसलेलं असतंय? हमाल. काट्यावरचा तोलार. खराडेचा ड्रायव्हर. दुपारच्या आत मार्केटात पुकारा!"

"मग गावात खासगी डॉक्टर आहेत की."

"ते कुणाच्या गाळ्यात बसत्यात?"

गाळा खराडेचा होता, हे खरं.

"त्यांचा कंपाउंडर आधी खराडेला सांगतोय, मग डॉक्टरला," मामा म्हणाले. "खासगी म्हणजे खासगी पायजे. आपल्याला कुणी वळखत न्हाई अशा जागी. मिरजेला."

"कानातल्या मळासाठी मिरज?"

"मळच हाय म्हणतोस न्हवं? मग मिरजेत निघू दे."

मी मामींकडे पाहिलं. त्यांनी कपाळाला हात लावला आणि आत गेल्या. दुसऱ्या दिवशी पंचायत समितीची सभा होती आणि मला तिची बातमी द्यायची होती. ती मी शेवटी एका सदस्याला फोन करून लिहिली, आणि सभेला हजर नसलेला बातमीदार कसा लिहितो तशीच ती झाली.

मिरजेचा दवाखाना थंडगार होता. काचेच्या पेटीत मासे, भिंतीवर आवाज बंद केलेला टीव्ही. रांग नव्हती, पण आत जायला रांगेइतकाच वेळ लागला. टेबलामागच्या मुलीनं हसून विचारलं, "पेशंटचं नाव?"

मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "सुकुमार चौगुले."

सुकुमार चौगुले हे माझं नाव.

"गाव बोरशिंगी," मामांनी पुढे जोडलं.

"वय?" मुलीनं विचारलं. मामांना ते ऐकू आलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि आपलं नाव कानावर पडलेला माणूस जे करतो ते मी केलं. माझं वय सांगितलं. तिनं लिहून घेतलं.

बाकावर बसल्यावर मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणालो, "माझं नाव कशाला सांगितलंत?"

"मग काय माझं सांगू? मिरजेत बेदाण्याचे व्यापारी काय कमी हायेत? भूपाल मगदूम म्हटलं की इथला निम्मा बाजार उठून नमस्कार करंल."

"दुसरं कुठलंही सांगायचं."

"आयत्या वेळी दुसरं कुठलं सुचतंय?"

थोड्या वेळानं मुलीनं हाक मारली, "सुकुमार चौगुले!" मामा माशांकडे बघत राहिले. मी उठलो. मग बसलो. मग त्यांना उठवलं.

डॉक्टर तरुण होते, नम्र होते आणि घाईत होते. "बोला सुकुमारराव, किती दिवसांपासून त्रास आहे?"

"काय?" मामा म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "चार महिने." त्यांनी दोन्ही कानांत बॅटरी लावून पाहिलं. "मळ आहे. दगड झालाय. उजव्या कानात आणखी काहीतरी दिसतंय, काडीसारखं. ओढून काढलं तर पडद्याला लागेल. हे थेंब घाला, मऊ होऊ दे, पुढच्या आठवड्यात या. तोवर ऐकण्याची एक तपासणी करून घ्या."

"मळ निघाल्यावर केली तर नाही चालणार?" मी विचारलं.

"आधीची आणि नंतरची, दोन्ही असलेल्या बऱ्या," ते म्हणाले आणि घंटी वाजवली.

बाहेरच्या बोळात कानाची यंत्रं विकणारा एक मुलगा बसला होता. "आजोबांना मशीन दाखवू का?" त्यानं मला हळूच विचारलं.

दिवसभर काही न ऐकलेले मामा गर्रकन वळले. "आजोबा कुणाला म्हणतोय रं?"

तपासणी आम्ही केली नाही. मामांचं म्हणणं, आपलं बहिरेपण मोजून कागदावर कशाला घ्यायचं. मलाही घाई होती.

घरी आल्यावर मामींनी थेंबांची बाटली उलटसुलट करून पाहिली. रस्ता ओलांडून त्या दवाखान्यात गेल्या, तिथल्या लोखंडे सिस्टरना दाखवून परत आल्या. "हेच थेंब समोर फुकट मिळतात," त्यांनी जाहीर केलं.

"कुणाचा कान म्हणून सांगितलंस?" मामा ओरडले.

"म्हशीचा," मामी म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात पुन्हा मिरज, पुन्हा मासे, पुन्हा सुकुमार चौगुले. या वेळी डॉक्टरांनी कोमट पाण्याची पिचकारी मारली. आधी डावा कान झाला. मग उजवा. खाली धरलेल्या तबकात काळा मळ पडला आणि त्याच्यात एक नखाएवढी काडी. डॉक्टरांनी ती चिमट्यात धरून उजेडात पाहिली.

"हे काय आहे?"

"देठ," मामा म्हणाले.

"कशाचा?"

"बेदाण्याचा."

"बेदाण्याचा देठ कानात कसा गेला, सुकुमारराव?"

"घातल्याबिगर कसा जाईल?"

शेडमध्ये बेदाणा चाळला की देठांचे ढीग पडतात. दोन लॉटच्या मधल्या वेळात सगळे, खरेदीदारांपासून हमालांपर्यंत, एक देठ उचलून कानात फिरवत उभे असतात. दुसऱ्या कुठल्या बाजारात लोक तंबाखू मळतात. आमच्याकडे कान कोरतात. मामांचा एक देठ आत मोडला होता आणि त्याच्याभोवती मळाची गाठ बसली होती, एवढाच सगळा आजार.

डॉक्टर म्हणाले, चार दिवस कानात कापूस ठेवा, पाणी जाऊ देऊ नका, आणि देठ तर अजिबात नाही.

फाटकाबाहेर आल्यावर मामा थांबले. रिक्षा, हॉर्न, कुणाचा तरी मोबाईल. ते सगळीकडे मान वळवून बघत होते. मी गाडी सुरू केली.

"केवढा आवाज ह्यो! सायलेन्सर गेलाय तुझा."

"सहा महिने झाले जाऊन," मी ओरडलो.

"ओरडतोस कशाला? मी काय बहिरा हाय?"

वाटेत चहाला थांबलो. टपरीवाला आपल्या भावाला पाव का आणले नाहीत म्हणून शिव्या देत होता. मामा पहिला चहा संपवून दुसरा घेऊन बसले आणि त्या शिव्या शेवटपर्यंत ऐकल्या. मला पाच वाजता बातम्या पाठवायच्या होत्या.

मला वाटलं, प्रकरण मिटलं.

पुढच्या सौद्याला मामा दोन्ही कानांत कापूस घालून क्रेटवर चढले. खराडे म्हणाला, "काय मामा, बूच मारलं व्हय?"

"काय?" मामा म्हणाले आणि कानामागं तळवा नेला.

लोक हसले. मी हसलो नाही. आदल्याच संध्याकाळी मामींनी चुलीशी पुटपुटलेलं एक वाक्य ओसरीवरून पकडून त्यांनी अर्धा तास भांडण केलं होतं. आणि इथं प्रत्येक भावाला "काय? मोठ्यानं!" चाललं होतं. भाव मात्र त्यांनी एकही चुकवला नाही.

त्याच्या पुढच्या सौद्यालाही तेच. चार दिवस उलटून गेले होते, कापूस तसाच. त्याच्या पुढेही तसाच. दोनदा मिरजेला पळवलं, माझ्या नावानं कान धुऊन घेतले, आणि आता हा माणूस हौसेनं बहिरा झाला होता. तिसऱ्या सौद्यानंतर मी थेट त्यांच्या ओसरीवर गेलो.

"मामा, ऐकू येतंय ना तुम्हांला?"

"हळू बोल."

"का हळू बोलू? एवढा आटापिटा कशासाठी केला मग? काढा तो कापूस."

"बस," ते म्हणाले. माझ्या आठवणीत ते मला इतक्या हलक्या आवाजात कधी बोलले नव्हते. "पहिल्या दिवशी कापूस डॉक्टरनं सांगितला म्हणून ठेवला. क्रेटवर चढलो. शेवंताबाईचा दुसरा माल लागला हुता. खराडे माझ्या पायाशी उभा. माझ्याकडं बघून हसतोय, आन् हसत हसत बाजूच्या बंडगरला सांगतोय, 'एकशे साठच्या वर कुणी जायचं न्हाई. ह्यो लॉट माझा, पुढचा तुझा.' कानात न्हाई सांगत, सुकुमार. चारचौघात बोलावं तसं बोलतोय. बंडगर पुढच्याला सांगतोय. म्या मनात म्हटलं, आज काय ह्यांना भीड न्हाई? मग ध्यानात आलं. भीड कुणाची धरायची?"

"कधीपासून चाललंय हे?"

"मला कसं ठाऊक? मला ऐकू येत हुतं व्हय?"

मामी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या हातात पीठ होतं.

"जगदाळेंच्या कानावर घातलंत?" मी विचारलं.

मामांनी समोरच्या दवाखान्याकडे एक नजर टाकली. बाकावर चार-पाच जण होते. "परवा सौदा झाल्यावर जगदाळे आन् खराडे माझ्या पाठीमागं चहा पीत हुते. खराडे म्हणाला, 'ते माइकवालं पोरगं आणू नका हां सायेब.' जगदाळे म्हणाले, 'कशाला आणतोय? ह्यो हाय तो बरा हाय.'"



"म्हणजे तुम्हांला ऐकू येत नाही हे त्यांना ठाऊक होतं," मी म्हणालो.

"सगळ्या मार्केटाला ठाऊक हुतं. लपवत हुतो तो मी एकटा."

मी वहीत काही लिहिलं नाही. मला ताबडतोब अडचणी दिसत होत्या. संपादक विचारणार : साक्षीदार कोण, कागद काय. खराडे नाकारणार, बंडगर नाकारणार. मी मामांना म्हणालो, थोडं थांबा, आणखी कुणी बोलायला तयार आहे का ते बघतो.

"दुसरं कुणी कशाला?" मामा म्हणाले. "माझं काम काय हाय? ऐकायचं आन् पुकारायचं."

गुरुवारचा सौदा. शेड भरलेली. पिवळ्या बेदाण्याचा मोठा लॉट मांडला होता. मामा क्रेटवर चढले, कापूस जागेवर. खराडेनं मूठभर बेदाणा उचलला, तोंडात टाकला आणि चावत चावत शेजाऱ्यांना काहीतरी म्हणाला. त्या गोंगाटात मला ते ऐकू आलं नाही.

मामांनी उजव्या कानातला कापूस काढला. मग डाव्या. दोन्ही बोळे खिशात ठेवले. आणि तीस-पस्तीस वर्षांच्या सवयीच्या आवाजात, पत्र्यापर्यंत पोचेल असं पुकारलं :

"खराडेशेठ म्हणतात, एकशे चाळीसच्या वर कुणी जायचं न्हाई! एकशे चाळीसच्या वर कुणी जायचं न्हाई, एक वार! हा लॉट बंडगरचा, पुढचा शेठचा, दोन वार! हाय का कुणी वर?"

सौद्याची पट्टी लिहिणारा कारकून पेन उचलून तसाच बसला. खराडेच्या तोंडात बेदाणा होता, तो चावायचा थांबला. मागून एक बागाईतदार म्हणाला, "काय म्हणालं?" आणि मामांनी त्याच्यासाठी ते पुन्हा एकदा पुकारलं, अगदी तशाच चालीत, "तीन वार!" लावून. तळहात मात्र मांडीवर आपटला नाही.

मग जे झालं ते मी त्याच संध्याकाळी बातमीत लिहिलं. बागाईतदारांनी माल मागं घेतला, सौदा बंद पडला, जगदाळेंनी ऑफिसचं दार आतून लावलं. बातमी पहिल्या पानावर लागली, माझ्या नावानिशी. आठवड्याच्या आत चौकशी लागली आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत मामांना क्रेटवरून उतरवलं.

खराडेच्या वकिलानं एकच मुद्दा घेतला. भूपाल मगदूम बहिरे आहेत. बहिऱ्या माणसानं काहीतरी मनाचं पुकारलं, त्याला आमचं अशील काय करणार? आणि साक्षीला माणसं आणली. हमाल आला. तोलार आला. ड्रायव्हर आला. सगळ्यांनी सांगितलं, मामांना ऐकू येत नाही, वर्षभर येत नाही, मार्केटातल्या कुत्र्यालाही ठाऊक आहे. शेवटी शेवंताबाईंना बोलावलं. त्या मामांकडे न बघता म्हणाल्या, "मी खोटं कशाला बोलू? सत्तरची बोली ह्यांनी पासष्टला सोडली. माझं नुकसान ह्यांच्याच कानानं केलंय." त्या खोटं बोलत नव्हत्या.

चौकशी अधिकारी म्हणाले, "मगदूम, कान साफ करून घेतले म्हणता. कुठं?"

"मिरजेला."

अधिकाऱ्यांनी दवाखान्याकडून माहिती मागवली. ती आली. भूपाल मगदूम नावाचा पेशंट त्यांच्याकडे आलेला नव्हता. बोरशिंगीचे सुकुमार चौगुले मात्र दोनदा येऊन गेले होते. दोन्ही कानांत मळ, उजव्यात देठ.

वकिलानं माझ्याकडे वळून विचारलं, "बातमी लिहिणारे चौगुले आपणच ना? मग नीट ऐकू येत नव्हतं ते आपल्याला, असं धरायचं का?"

चौकशीतले सगळे हसले. अधिकारीही हसले. मामांनी खरं काय ते सांगितलं, मीही सांगितलं. मी मिरजेला फोन केला, तेव्हा डॉक्टर सौम्यपणे म्हणाले, "अहो, दिवसभर मी कानच बघतो, चेहरे कुठं लक्षात राहतात? नाव तुम्ही दिलं ते आम्ही लिहिलं." त्यांचं काही चुकलं नव्हतं.

त्या दिवशी घरी मामींनी जेवायला वाढलं आणि एवढंच म्हणाल्या, "समोर गेला असता तर ह्योच हमाल, ह्योच तोलार बाकावर बसून साक्षीदार झालं असतं. खिडकीवरनं पुकारा झाला असता, भूपाल मगदूमचं कान उघडलं म्हणून."



अधिकाऱ्यांनी सांगितलं, सरकारी दवाखान्याचा दाखला आणा. म्हणून एका सकाळी मामांनी रस्ता ओलांडला. मी बरोबर होतो. बाक भरलेला होता. मामा रांगेत उभे राहिले आणि लोक त्यांच्याकडे बघत राहिले. नंबर आला. काचेआडच्या माणसानं मान वर न करता, खरोखरच मामांच्या वरच्या पट्टीत विचारलं, "काय होतंय?"

"काही होत न्हाई," मामा म्हणाले.

"मग?"

"ऐकू येतंय."

माणसानं मान वर केली. "मोठ्यानं बोला."

"ऐकू येतंय!" मामांनी पुकारलं. "ऐकू येतंय असा दाखला पायजे!"

बाकावर हशा पिकला. आतून लोखंडे सिस्टर आल्या, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आम्हांला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी कान तपासले, स्वच्छ आहेत म्हणाले. पण दाखला? "ऐकू येत नसेल तर टक्केवारीचा दाखला असतो, तोही जिल्ह्याच्या दवाखान्यात. ऐकू येणाऱ्याला कसला दाखला देऊ, मामा? तसा नमुनाच नाही." जिल्ह्याला लिहितो म्हणाले, आणि त्यांनी लिहिलंही. जिल्ह्याच्या दवाखान्यात तपासणीचं यंत्र होतं. यंत्र चालवणाऱ्याची जागा रिकामी होती. ती भरली तोवर यंत्र दुरुस्तीला गेलं. आणि मुळात आज ऐकू येतं यावरून त्या गुरुवारी ऐकू येत होतं हे कसं ठरणार, असा अर्ज वकिलानं आधीच देऊन ठेवला होता.

त्याला आता बरीच वर्षं झाली. खराडेची दोन शीतगृहं झाली. जगदाळे निवृत्त झाले. सौदे माइकवर होतात. मामांना कुणी कामावरून काढलं नाही, आणि कुणी परत बोलावलंही नाही. चौकशी चालू आहे. ते ओसरीवर बसतात. ताप असो, खोकला असो, रस्ता ओलांडून समोर जातात आणि खिडकीवर आपलं नाव सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतात.

गेल्या महिन्यात मला चौकशी कार्यालयातून फोन आला. नवीन अधिकारी आले आहेत, जुन्या फायली काढल्या आहेत. जिल्ह्याच्या दवाखान्यात मगदूम यांच्या कानाच्या तपासणीला तारीख मिळाली आहे, त्यांना घेऊन या. मी लगेच ओसरीवर गेलो. मामींनी मला पायरीवरच थांबवलं आणि म्हणाल्या, "हल्ली मोठ्यानं सांगावं लागतंय रं. वयाचं असंल. न्हाईतर नाटक."

मी मामांच्या समोर बसलो आणि तारीख सांगितली.

मामांनी माझ्याकडे नीट पाहिलं, कानामागं तळवा नेला आणि म्हणाले, "काय?"